दाब. सोड.

पारोळ्याच्या बायपासला, पंपापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये
दुपारी तीनला येऊन थांबली
सुकलाल भोईची टाटा सोळा-तेरा.
यावलची केळी, कच्ची, रात्रीत कोंडाईबारीचा घाट चढून
सुरतेला पोचायची.

"आवाज येस," सुकलाल म्हणाला.
कुठून?
त्यानं बॉनेटपासून डिफ्रन्सपर्यंत हात फिरवला.

"आवाज तर सगळाच येस," नवाबचाचा म्हणाले,
"तू कोनता ते सांग."
घरघर, खडखड, करकर, गुणगुण:
नाव दिल्याशिवाय पाना उचलायचा नाही
हा त्या शेडचा कायदा.
सुकलालला नाव सापडेना.
तो नुसताच तोंड वाकडं करून दाखवत राहिला.

मी कॅबिनमध्ये. गणितानं दहावीत अडवलेला,
सीटच्या टोकावर बसून
घामेजली टाच क्लचवर.
चाचा खाली गोणपाटावर आडवे,
लांब पेचकसाचं टोक गिअरबॉक्सच्या पोटाला,
लाकडी मूठ कानात.
"न्यूट्रल. दाब."
दाबला.
"सोड."
सोडला.

त्यांचे वडील कापूस पिंजायचे.
तांत उतरली, हे हाताआधी कानाला कळायचं म्हणे.
तोच कान इथं लोखंडाला लावलेला.
पाय वर असताना घरघर, दाबला की गप्प,
तर पेटीतल्या वरच्या शाफ्टचं बेअरिंग.
एकाच गिअरला ओरडली तर त्याच गिअरचे दात.
सगळ्या गिअरांत ओरडून टॉपला निवली
तर खालचा शाफ्ट, कारण टॉपला जोर सरळ निघून जातो,
खालच्याला नुसतं फिरायचं काम.
हे मला पुढं कळलं.
त्या दिवशी दोनच शब्द येत होते.

"काहीच नही," चाचा बाहेर येत म्हणाले,
"गाडी चांगली शे."

पण मला येत होता.
दाबला की बारीक, कोरडा,
पितळी डब्याचं अडकलेलं झाकण फिरवावं तसा.
सुकलालनं माझ्याकडं पाहिलं. त्यालाही येत होता.
मी न विचारता पुन्हा दाबला.
"चाचा, दाबला की येस."

चाचा काही बोलले नाहीत.
चाळीस वर्षं हातोडा आणि इंजिनं ऐकून
कानाची चाळणी झाली होती:
जाडंभरडं वर राहिलं,
बारीक तेवढं गळून गेलं.
कधी, ते त्यांनाही कळलं नसावं.

ते परत खाली गेले.
मी दारातून वाकून पाहिलं:
टोक आता क्लच हाउसिंगला,
आणि मूठ कानात नाही, दातांत.
डोळे मिटलेले.
हात नुसता वर झाला. दाब.

दाढीचे केस थरारले.
"शे," ते दातांतून म्हणाले.

मग रात्रभर जॅक, लाकडी ओंडके, चुलीची राख,
पोटावर घेतलेला गिअरबॉक्स.
सुकलाल मध्येच ताडपत्री उचलून वास घ्यायचा
आणि न बोलता परत झाकायचा.
रिलीज बेअरिंग निघालं ते चाचांनी माझ्या तळहातावर ठेवलं.
फिरवलं. आत वाळू असल्यासारखं.
ग्रीसचा नुसता काळा पापुद्रा.
नवं धुळ्याहून पहाटेच्या एसटीत,
वर्तमानपत्रात गुंडाळून आलं.

गाडी निघाली. पहिला, दुसरा, तिसरा.
चाचा रस्त्याकडं पाठ करून हात धूत होते.
"वाजस का?"
मी वळणापर्यंत ऐकलं.
"नही."

दुसऱ्या दिवशी अमळनेरची एक मिनीबस आली.
मी सवयीनं कॅबिनच्या पायरीवर पाय ठेवला
तर पेचकस माझ्या हातात आला,
मुठीवर दातांच्या दोन खुणा.
चाचा मला बाजूला सारून,
गुडघ्याला हात लावत, वर चढले.

गोणपाट अजून गार होतं.
मी टोक टेकवलं, मूठ कानाला लावली.
वरून चाचांचा आवाज आला:
"सांग. दाबू का?"